बायच्या हळदीचा जाब

ठाणे जिल्ह्याच्या बाहेर मी उभ्या जन्मात चार वेळा गेले. दोनदा लग्नाला, एकदा इस्पितळात, आन ही चौथी खेप. पहिल्या तीन खेपांचं सांगन्यासारखं काय न्हाय. चौथीचं हाय. मी दुसरी शिकले. अक्षर वळखते, पन लांब लिवता येत न्हाय. म्हनून मी बोलते आन नात उतरवून घेते. मधी मधी ती म्हनते, आजी, असं न्हाय लिहीत. मी म्हनते, तू लिव.

अंजूर

आमचं गाव खाडीच्या काठाला. आता निम्म्या शेतात गोदामं उभी हायत, पत्र्याची. येवढी लांब, की एका टोकाला उभं ऱ्हायलं तर दुसऱ्या टोकाचा मानूस भावलीयेवढा दिसतो. माझ्या लहानपनी तिथं भातशेती आन मिठागरं व्हती. खाऱ्या पान्यात उभं राहून मीठ ओढायचं, पाटी भरायची, डोक्यावर घेऊन बांधावरून पळायचं, ह्यात आमच्या आयांचं आयुष्य गेलं. माझंपन अर्धं गेलं.

मला एक मोठी बहीन, जानकी. आमच्यात मोठ्या बहिनीला बाय म्हनतात. बाय माझ्याहून पाच वर्सांनी मोठी. ती जन्मभर माहेरीच ऱ्हायली, भावाच्या घरात, मागल्या पडवीत. हातात हिरव्या बांगड्या, कपाळाला कुकू, आन नवरा न्हाय. नवरा मेला असं न्हाय, त्यानं सोडली असंपन न्हाय. गावातली पोरं इचारायची, ही कोनाची बायको? मोठी मानसं त्यांना गप करायची.

त्याचं कारन आधी सांगते, न्हायतर पुढचा परवास कशाला केला ते समजायचं न्हाय.

बेचाळीसची चळवळ झाली, त्याच्या पुढच्या माघात एक मानूस आमच्या मिठागरातल्या खोपटीत येऊन लपला. त्यानं काय केलं व्हतं ते आम्हाला कोनी सांगितलं न्हाय. पोलीस त्याला धुंडत व्हते येवढं ठाव. होडी लागते तिथं ते बसलेले, येनाऱ्या-जानाऱ्याचं तोंड बघत. गावातले पुरुष म्हनाले, दोन दिस ठेवू, मंग त्याचा तो जाईल. पन जानार कुठून? माझी आय पाटीच्या तळाला भाकऱ्या ठेवायची, वर फडकं, फडक्यावर मीठ, आन खोपटीत न्यायची. भाकऱ्या खारट व्हायच्या. तो मुकाट खायचा.

तवा माझी हौसा आत्या म्हनाली, तोंड झाकून फिरायची मुभा एकाच पुरुषाला असते, नवरदेवाला. मुंडावळ्या सोडल्या, बाशिंग बांधलं, की कोन बघनार?

हौसा आत्या धवलारीन व्हती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवलारनीचा मान मोठा. ती धवले म्हनते, म्हंजे लग्नाची गानी, आन त्या गान्यांनीच लगीन लागतं. ठरलं असं, की मांडव घालायचा, हळद लावायची, थोडं गायचं आन धवला अर्ध्यात सोडून वऱ्हाड होडीत बसवायचं. अर्धा धवला म्हंजे लगीन न्हाय. पल्याड पोचलं की नवरा त्याच्या वाटेनं, नवरी परत घरी. पन नवरी कोनाची? चार घरच्या आया बसल्या व्हत्या. कोन बोलंना. माझी आय म्हनाली, माझी जानकी बसंल. बाय चौदाची व्हती.

घोळ एकच झाला. होडीवरचा हवालदार मांडवात आला. तो परका न्हवता, खाडीपल्याडच्या कोळीवाड्यातला. त्याला धवला तोंडपाठ. तो बसला, पोटभर जेवला, आन आत्याच्या गान्यावर मान हलवत ऱ्हायला. आत्या अर्ध्यात थांबली असती तर त्यानं तिथंच वळखलं असतं. तिनं शेवटपातुर गायलं. अक्षता पडल्या. हवालदारानंपन टाकल्या. मी करवली म्हनून बायच्या मागं उभी. आत्याचा आवाज शेवटाला कापत व्हता. मला वाटलं, दमली.

होडी पल्याड लागली. त्या मानसानं मुंडावळ्या काढून पान्यात सोडल्या, बायकांना हात जोडले आन रेल्वेच्या दिशेला चालता झाला. बाय संध्याकाळी घरी आली.

आत्यानं गावाला परोपरीनं सांगितलं, की ते लगीन न्हवतं. गाव म्हनालं, हळद लागली, धवला पुरा झाला, मंग ऱ्हायलं काय? देश सुटला, पन गाव सोडंना. बायला बघायला दोन ठिकानची मानसं आली. कानावर गेलं तसं उठून गेली. आय म्हनायची, येईल तो. बाय मिठावर जायला लागली.

पुढं सगळ्यांच्या तोंडून ती गोष्ट गेली. आय गेली, आत्या गेली. मुंबईला पूर आला त्याच्या दुसऱ्या साली, पंधरा ऑगस्टला, मी नातीच्या शाळेत झेंड्याला गेले व्हते. तिथल्या बाईंनी एका स्वातंत्र्यसैनिकाच्या पुस्तकातलं थोडं वाचून दाखवलं. त्यात अंजूरची खाडी आली, होडी आली, वऱ्हाड आलं. माझ्या हातातली बुंदी तशीच ऱ्हायली. बायला मी काय सांगितलं न्हाय. काय सांगनार व्हते?

मंग दिवाळीत बाय आंथरुनाला लागली. हात येवढे बारीक झाले, की हात वर केला की बांगड्या कोपरापातुर घरंगळायच्या. एक दिस मी तिचे केस इंचरत व्हते. ती म्हनाली, "तुलशे, मी गेले की मना काय नेसवशील?"

"कायपन बोलू नको."

"सांग ना. हिरवा नेसवशील का पांढरा? कुकू लावशील का पुसशील?"

सवाशीन गेली तर हिरवं लुगडं, मळवट, ओटी. रांडाव गेली तर यातलं काय न्हाय. कुवारीन गेली तर तिसरंच. मी तिच्या केसांतली गुंतवळ सोडवत ऱ्हायले.

"मना ठाव पायजे," बाय म्हनाली. "त्या येलेला बायका भांडतील. मना माझ्यावरून भांडान नको."

तिनं चौसष्ट वर्सं हे कोनाला इचारलं न्हवतं. मी फनी खाली ठेवली आन तिला पुस्तकाचं सांगितलं. म्हटलं, त्या मानसाचं गाव धुंडते, जाते आन त्यालाच इचारून येते. बाय भिंतीकडं तोंड करून झोपली. जाऊ नको, असं म्हनाली न्हाय.

भिवंडी

संगती माझी सून मंदा. ती शेजारच्या वळ गावच्या गोदामात पॅकिंगला जाते. तिनं दोन दिसांची सुट्टी टाकली आन वाटेत चार वेळा ती आठवन मला करून दिली.

शाळेतल्या बाई भिवंडीला ऱ्हातात. त्यांच्या गल्लीत दोन्ही अंगांना लूम. जमीन हलते. बाईंनी चहा दिला तर कपातला चहा पन हलत व्हता. घरात समोरासमोर बसून ओरडून बोलायचं. म्हटलं, ह्या बाई शाळेत येवढ्या मोठ्यानं का बोलतात ते आज समजलं.

मी म्हटलं, ते पंधरा ऑगस्टचं पुना वाचा. त्या पुस्तक धुंडत व्हत्या तेवढ्यात लाइट गेली. सगळे लूम एकदम बंद. कानात नुसती शीळ. त्या गपगार गल्लीत बाईंनी वाचलं. त्यात असं, की त्या दिवशी सुदैवानं एका लग्नाचं वऱ्हाड खाडीपलीकडं निघालं व्हतं, त्याचा फायदा घेऊन तो निसटला. बस. पुढच्या ओळीत तो पुन्याला पोचला पन.

"पुना वाचा."

बाईंनी पुना वाचलं.

"वऱ्हाड कोनाचं ते लिवलंय?"

"नाही, आजी."

"भाकरीचं?"

"कसल्या भाकरीचं?"

मंग मी सगळं सांगितलं. बाईंचा चहा गार झाला. त्या म्हनाल्या, "आजी, हे तुम्ही मला पंधरा ऑगस्टला का नाही सांगितलंत?"

"तवा तुम्ही माइकवर व्हता."

मंदा हसली. बाई न्हाय हसल्या. पुस्तकाच्या मागल्या पानावर त्याचं गाव छापलं व्हतं, नाशिकच्या बाजूला, सिन्नरच्या पुढं. नाव रघुनाथ. येवढ्या वर्सांनी आम्हाला नवऱ्याचं नाव समजलं. बाई गावाचं नाव सांगायला लागल्या आन लाइट आली. मंग त्यांनी माझ्या कानाला तोंड लावून तीनदा ओरडून सांगितलं.

एसटीला येळ व्हता. बाजारात एक म्हातारी मुसलमान बाई बांगड्या घेऊन बसली व्हती. माझे पाय तिथंच थांबले. मंदा म्हनाली, "आई, अजून ठरलंय काय?" मी म्हटलं, असू दे जवळ.

बांगडीवालीनं इचारलं, "किसका हाथ है?"

"मेरी बहन का." मी बोटं जुळवून माप दाखवलं.

"इतना छोटा? बच्ची है क्या?"

"अठहत्तर साल."

तिनं बारीक मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. मंग कागदात गुंडाळताना म्हनाली, "अल्ला उसका सुहाग सलामत रखे."

मी म्हटलं, "देखते है."

पडघा

पडघ्याला एसटीचं चाक बसलं. सगळी मानसं उतरून रस्त्याच्या कडेला. ट्रकमागं ट्रक चाललेला, धुरळा तोंडात. मला एका जागी बसवत न्हवतं. मी उठायची, चार पावलं जायची, परत यायची. पिशवी उघडून बांगड्या बघितल्या, दोन पिचलेल्या. मंदानं त्या माझ्या हातातनं घेऊन गटारीत टाकल्या. "खड्ड्यानं पिचल्या," ती म्हनाली. "मनात काही आणू नका."

"मी कुठं काय आनलं?"

तिनं वडापाव घेतला. माझ्या दातांना पाव जमतो, वडा जमतो, मिरची जमत न्हाय. खाता खाता ती म्हनाली, "आई, तो म्हातारा असला, आणि लग्न नव्हतं म्हणाला, तर?"

"तर बाय कुवारीन."

"आणि होतं म्हणाला तर?"

"सवाशीन."

"आणि मेलाच असला तर?"

मी ट्रक बघत बसले. नवं चाक बसवायला त्या मानसाला तासभर लागला असेल. मला तो तास पुऱ्या परवासाहून मोठा वाटला. येवढी वर्सं गेली तवा काय वाटलं न्हाय, आन आता एक तास जाईना.

सिन्नरच्या पुढं

कसाऱ्याचा घाट चढला की हवा बदलते. ओलावा जातो. माझ्या नाकाला जन्मभर खाडीचा वास, तो गेला तसं मला वाटलं, नाकच चोंदलं. आमच्याकडं गाव म्हंजे झाडी, चिखल, पानी. तिकडं उघडा माळ, लांबपातुर दिसतं, आन लपायला कायपन न्हाय. म्हटलं, असल्या मुलखातला मानूस, म्हनूनच लपायला आमच्याकडं आला. कांदा साठवायच्या चाळी भरलेल्या. बायका नऊवारी पायाच्या घोट्यापातुर नेसतात, डोक्यावर पदर. आमचं आगऱ्यांचं लुगडं गुडघ्यावर, कासोटा कसून, कारन चिखलात काम. एसटीतून उतरलो तर पारावरचे म्हातारे माझ्या पायांकडं बघत बसले. मी म्हटलं, बघा, त्र्याहत्तर वर्सांचे हायत.

गावाच्या तोंडाशी कमान. तिच्यावर त्याचं नाव, मंदानं वाचलं. आत चौथरा, चौथऱ्यावर दगड, दगडावर पुना त्याचं नाव. चहाच्या टपरीवाल्याला मंदानं इचारलं, घर कुठं?

"नानांचं? ते बघा, निळा दरवाजा. पण नाना जाऊन झाली की अकरा वर्षं."

मी चौथऱ्यावरच बसले. अकरा वर्सं बाय हिरव्या बांगड्या घालत व्हती, आन इथं दगड लागला व्हता. मंदा म्हनाली, "चला आई, माघारी जाऊ. शेवटची गाडी मिळेल."  पन येवढं चढून आले, नुसता दगड बघून जानार? मी उठले आन निळ्या दरवाजाला गेले.

दार उघडलं ती त्याची बायको. भागाबाई. माझ्याच वयाची, वाकलेली, हात मोकळे, गळ्यात तुळशीची माळ. तिला काय सांगायचं ते मी ठरवलं न्हवतं. म्हटलं, भिवंडीकडून आलो, नानांचं पुस्तक वाचलं, म्हनून. ती येवढी खूश झाली की मला लाज वाटली. "या की आक्का, या. इतक्या लांबून? पानी घ्या आधी."

तिथं एक घोटाळा झाला. मी घरून भेट म्हनून सुकट, म्हंजे सुकी मासळी, नेली व्हती, सोडे आन बोंबील. कोनाकडं रिकाम्या हातानं जायचं न्हाय. पिशवी पुढं केली, भागाबाईनं वास घेतला आन दोन पावलं मागं गेली. सगळं घर माळकरी. मंदानं कपाळाला हात लावला. "आई, मी म्हटलं होतं तुम्हाला, कांदे न्या." शेवटी पिशवी बाहेर लिंबाला टांगली. मांजर चढलं झाडावर. सकाळपातुर निम्मी सुकट गेली. त्या घरच्या मांजरानं मात्र माळ घातलेली न्हवती.

जेवायला बाजरीची भाकरी आन शेंगोळी, म्हंजे हुलग्याच्या पिठाचे वळलेले तुकडे, तिखट रश्शात. आमची तांदळाची भाकरी ओठानं तुटते. ही दाताला भिडली. भागाबाईनं काय न बोलता माझी भाकरी घेतली, रश्शात कुस्करली आन वाटी पुढं ठेवली.

तिचा लेक भाऊसाहेब शेतावरून आला. मानूस चांगला, पन बोलायला लागला की सभेत उभा असल्यासारखा. आम्ही पुस्तक वाचून आलो म्हटल्यावर त्यानं नानांच्या गोष्टी सुरू केल्या. खाडीची गोष्ट आलीच. "नाना फार चलाख. योगायोगानं एक वऱ्हाड निघालं होतं, नानांनी काय केलं, शिरले त्यात. पोलिसांना पत्ता नाही."

मंदानं माझा हात दाबला. मी हात सोडवला.

"योगायोग न्हवता तो," मी म्हटलं. "ते वऱ्हाड आम्ही काढलं व्हतं. माझ्या आयनं, आत्यानं. नवरी माझी बहीन."

भाऊसाहेबाचा घास हातात ऱ्हायला. मी सांगत गेले. मिठाखालच्या भाकऱ्या, हळद, हवालदार, धवला. आवाज चढू दिला न्हाय. सांगून झालं तवा तो आयकडं बघायला लागला. भागाबाई चुलीत लाकूड सारत व्हती. ती म्हनाली, "भाऊ, तू जा, बैलांचं बघ."

तो गेला. तिनं जाळ कमी केला. मंग म्हनाली, "आक्का, ती हळद तुमच्याकडची व्हय?"

"कंची हळद?"

"आमच्या लग्नात त्यांनी हळद लावून घेतली न्हाई. सासूबाई रडल्या, मामा भांडले. हे म्हने, अंगाला एकदा लागली ती बास. लोकांना वाटलं, तुरुंगात गेले तवाच देशाशी लगीन लागलं असं म्हनायचंय. कुनी म्हने सुधारक हाय, रूढी मोडतोय. त्याचं कौतुक झालं. पेपरात आलं म्हने." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला येकटीला हळद लावली. मला वाटलं, मी मनाला आले न्हाई. पन्नास वर्सं मला तेच वाटत व्हतं."

मला राग येत व्हता आन तो कोनावर काढायचा ते समजंना. मानसानं मनात हिशेब ठेवला. हळद मोजली त्यानं. पन ना माझ्या बायला कागदाचा तुकडा धाडला, ना हिला सांगितलं. पुस्तकात लिवलं, फायदा घेतला.

"तुमी त्यांना कवा इचारलं न्हाय?"

"तुमी तुमच्या मालकाला समदं इचारलं?"

मी रिकामी वाटी तिच्याकडं सरकवली.

"शेवटल्या तापात," ती म्हनाली, "एकच धोशा लावला व्हता. नवरीला घरी पोचवलं का. नवरीला घरी पोचवलं का. मी म्हनायची, अहो, मी हाये की हितं. त्यांचं समाधान व्हायचं न्हाई."

चुलीवर पानी उकळलं, ते तिनं उतरवलं. मंग मी ज्याच्यासाठी आले ते इचारलं. बाय मरायला टेकलीय, तिला काय नेसवायचं? तुमी त्यांची बायको, तुमी सांगा. ते लगीन व्हतं का न्हवतं?

भागाबाई माझ्याकडं वळली. मोकळी मनगटं पुढं केली. "हे गेले तवा मला कुनी इचारलं व्हतं का, काढायच्या का ठेवायच्या? चार बाया आल्या, हात धरले, फोडल्या. मी नको म्हनत व्हते. मला इचारून काय उपेग, आक्का? त्यांना इचारलं असतं तर ते बी काय सांगनार? तिला इचारा."

"तीच मला इचारते."

"आजवर कुनी तिला इचारलं न्हाई, म्हनून."

रात्री मला त्या घरात झोप लागली न्हाय. भागाबाई पन कूस बदलत व्हती.

सकाळी निघताना तिनं लेकाला हाक मारली. "भाऊ, ते पुस्तक आन. लिही त्यात." भाऊसाहेब म्हनाला, आई, छापलेल्या पुस्तकात असं मधेच लिहीत नाहीत. ती म्हनाली, "लिही." तो कपाटातनं पुस्तक घेऊन आला आन त्या ओळीच्या कडेला पेन्सिलनं लिवलं, की हे वऱ्हाड अंजूरच्या बायकांनी काढलं व्हतं. मी नावं सांगितली. हौसा. माझी आय, सोनी. जानकी. त्यानं तीन नावं लिवली. मी अक्षर अक्षर जुळवून बघितलं, बरोबर व्हती.

"पेन्सिल पुसते," मी म्हटलं.

"पुढच्या आवृत्तीत छापू, आजी."

"कवा?"

"बघू."

भागाबाई एसटीपातुर आली, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. गाडी हलली तवा म्हनाली, "तिला सांगा, इथं एक हाये म्हनावं." काय ते तिनं सांगितलं न्हाय. मला समजलं, सवत म्हना का बहीन म्हना.

परत अंजूर

वाटेतलं मला कायपन आठवत न्हाय. मंदा झोपली व्हती. खाडीचा वास आला तवा मी खिडकीतनं तोंड बाहेर काढलं.

बाय जागी व्हती. मी पाय धुतले आन तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. दगड सांगितला, हळद सांगितली, तापातलं सांगितलं, पेन्सिल सांगितली. वाटेत ठरवलं व्हतं, की मेल्याचं सांगायचं न्हाय, जिता हाय सांगायचं, मंग हिरवं नेसवू, कोन इचारनार. पन तिनं माझ्याकडं बघितलं आन मला खोटं बोलता आलं न्हाय.

तिनं गोधडी गळ्यापातुर ओढली.

"होडीत त्यानं मना एक इचारला व्हता," ती म्हनाली. "पोरी, थंडी वाजते का. मी न्हाय बोलले. वाजत व्हती."

"बाय, तो मेलाय. मंग तू आता कोन?"

"पुस्तकान काय लिवलाय म्हनालीस?"

"फायदा घेतला."

ती हसली. हसताना खोकला आला, पानी पाजलं. मंग म्हनाली, "तो माझा कोन न्हवता, तुलशे. मी पन त्याची कोन न्हवते. आयनं मना काम सांगितला, मी केला. मिठाची पाटी उचल म्हनाली आसती तर ती उचलली आसती. ही जरा जड व्हती."

मी तिचे पाय दाबत ऱ्हायले.

"माझा मिठावरचा लुगडा हाय ना पेटीन?"

"हाय. इरलंय पार."

"तो नेसव."

"आन कुकू?"

"मिठावर जाताना मी कवा कुकू लावायची? घामान ऱ्हाते का ते?" तिनं हात वर केला, बांगड्या घरंगळून कोपराला गेल्या. त्या तिनं स्वतःच एक एक करून उतरवल्या. फोडल्या न्हायत. उशाखाली ठेवल्या. "तू आनल्यास त्या मंदाला भर."

त्या मंदाला बसल्या न्हायत, माप बारीक. माझ्या पेटीत हायत.

भाऊसाहेबाला मंदाच्या मोबाइलवरून दोनदा फोन केला. बघू, म्हनतो. शाळेतल्या बाईंनी पुढच्या पंधरा ऑगस्टला मला उभं केलं, माइक तोंडाशी धरला. मी तीन नावं सांगितली आन बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मंग बुंदी वाटली. माझं मन काय बसलं न्हाय. अजून बसत न्हाय. त्या घरात कोन कपाट आवरील, कोनाच्या हाती रबर लागंल, येवढंच डोक्यात असतं.

पन ते पुढचं. बाय शिमग्याच्या आधी गेली, सकाळच्या पारी, माझ्या देखत. बायका जमल्या आन तिनं सांगितलं व्हतं तसंच झालं. एक म्हनाली हिरवं आना, एक म्हनाली नवरा मेल्याचं कळलंय ना मंग कसलं हिरवं, तिसरी म्हनाली कुवारनीचं करा. मी पेटी उघडली. इरलेलं लुगडं काढलं, मिठानं कडक झालेले काठ. तिला नेसवायला घेतलं, आमच्या रीतीनं, गुडघ्यावर.

शेजारची म्हातारी म्हनाली, "तुलसाबाय, असं कोन नेतं का? पाय तरी झाका."

मी म्हटलं, "कासोटा नीट खोच. कामाला निघालीय ती."